शेरू आणि माझी सही

पोळा जवळ आला की आपल्याकडं गोटमारीच्या आठवणी सुरू होतात. कोणाच्या डोक्याला किती टाके पडले, झेंडा कोणत्या वर्षी कोणी तोडला, हे सगळं मीही आवडीनं वाचतो. माझीही गोटमारीची एक आठवण आहे, पण ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. घरातसुद्धा नाही. तिच्यात दगड कमी आणि कुत्रं जास्त आहे, म्हणून कोणी विचारलंही नाही.

बाहेर वाढलेल्या नातवंडांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर आपण सावरगाववाले, दुसऱ्या काठावर पांढुर्णेवाले. झेंडा तोडेपर्यंत दोन्हीकडून दगड. पांढुर्ण्याचा पोरगा अन् सावरगावची पोरगी पळून जात होती, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. सरकारनं बंद करायचे पुष्कळ प्रयत्न केले. 2001 साली तर दगडांऐवजी रबराचे चेंडू आणून दिले होते. लोकांनी चेंडू घरी नेले पोरांना खेळायला, अन् दगड चालूच राहिले.

मी सांगतो ते साल 1979. आदल्या वर्षी गोटमारीत पोलिसांचा गोळीबार झाला होता, त्यामुळं या खेपेला बंदोबस्त जास्त होता. बाहेरून तुकड्या आणल्या होत्या. कुठल्या ते लिहीत नाही, आता त्याला अर्थही नाही. मी त्याच वर्षी बँकेत क्लार्क म्हणून लागलो होतो. सहा महिन्यांचं प्रोबेशन चालू होतं, कन्फर्मेशनचं पत्र यायचं होतं. पोळ्याला दोन दिवसांची सुट्टी काढून घरी आलो होतो.

शेरू आमचा गावठी कुत्रा. तांबडा रंग, एक कान पडलेला. बाबांनी संत्र्याच्या बगीच्यात राखणीला म्हणून आणला होता, पण तो बगीच्यात राहिलाच नाही. मायच्या मागंमागं घरी यायचा अन् ओसरीवर पसरायचा. माय चुलीवरची पहिली भाकर त्याच्यासाठी काढून ठेवायची. दादाचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, तो शेरूच्या पाठीवर बसायचा, त्याच्या तोंडात हात घालायचा. त्यानं कधी कोणाला ओरखडासुद्धा काढला नाही. आमचा पोस्टमन खाकीत यायचा, शेरू त्याच्यामागं शेपूट हलवत गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. म्हणजे खाकीचं त्याला काही वावडं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो.

गोटमारीच्या दिवशी गावातल्या कुत्र्यांचे फार हाल होतात. हाकबोंब, ढोल, दगडांचे आवाज. शेरूला सकाळपासून मागच्या अंगणात साखळीनं बांधलं होतं. दुपारी तो इतका केकाटायला लागला, साखळी इतकी ओढायला लागला की गळ्याला घट्टा पडला. मला बघवेना. मीच साखळी सोडली. बाबा म्हणाले होते, "आज सोडू नको त्याले." मी म्हटलं, घरातच तर आहे.

चारच्या सुमारास नदीकडून एकदम पळापळ झाली. पोलिसांनी लाठ्या घेऊन गर्दी मागं लोटली होती, अन् पोरं गल्लीबोळात घुसली. आमचं पुढचं कवाड उघडं होतं. तीनचार पोरं अंगणातून धडाधड मागच्या परसात गेली, भिंतीवरून उड्या टाकून पसार. त्यांना शेरू काही बोलला नाही, गावचीच पोरं. त्यांच्यामागं एक शिपाई आत आला, हातात बंदूक. शेरू ओसरीवरून उठला अन् दारात आडवा झाला. आधी भुंकला. शिपायानं पाय आपटला, बंदुकीचा दस्ता पुढं केला. मग शेरू त्याच्या अंगावर गेला.

मी चौकात उभा होतो. दहा पावलं असतील. "शेरू" अशी एक हाक मारली असती तर तो मागं फिरला असता, ही माझी खात्री आहे. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. गोळीचाच आवाज झाला. एवढ्याशा अंगणात तो किती मोठा वाटतो हे ज्यानं ऐकलं त्यालाच कळेल.

शिपाई म्हणजे मिसरूड फुटलेलं पोरगं होतं. सकाळपासून दगडाखाली उभं. कपाळावर टेंगूळ आलेलं, हात थरथरत होते. गोळी झाडल्यावर तो तिथंच भिंतीला टेकला. माय स्वयंपाकघरातून आली, तिनं शेरूकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं. तो प्याला. कोणाकडंही न बघता प्याला. मला त्या पोराचा राग तेव्हाही आला नव्हता, आजही नाही. अनोळखी घर, अंगावर आलेलं कुत्रं आणि विचार करायला एक श्वास. त्याला कोणी शिकवलं होतं का, की कुत्रं दारात आडवं झालं तर तू मागं हो, घरच्यांना हाक मार? कोण शिकवणार?

थोड्या वेळानं जमादार आला. त्याला कुत्र्याचं काही नव्हतं, त्याला काडतुसाची चिंता होती. पोलिसांत एकेका राऊंडचा हिशेब द्यावा लागतो, झाडलेल्याची रिकामी पुंगळीसुद्धा जमा करावी लागते. पाव तास ते दोघं आमच्या अंगणात वाकून पुंगळी शोधत होते. तुळशीमागं सापडली. शेरू तिथंच पडलेला, पण त्याच्याकडं बघायचं कोणाला कारण नव्हतं, कारण तो कुठल्याच रजिस्टरात जमा नव्हता. पुढं चौतीस वर्षं मी व्हाउचर अन् लेजर तपासले. पुंगळीची ती शोधाशोध मला दर ऑडिटला आठवायची.

आता राऊंड का झाडला याचं कारण कागदावर हवं. जमादारानं विचारलं, "पढ़ा-लिखा कौन है?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बी.कॉम., बँकेतला. त्यानं मजकूर सांगितला, मी हिंदीत लिहिला. कुत्ता कुछ दिनों से पागल था, लोगों को काटने दौड़ता था, सिपाही पर झपटा, आत्मरक्षा में फायर किया. अक्षर माझं चांगलं होतं. खाली मालकाची सही हवी होती. मी कागद बाबांपुढं धरला. बाबांनी मला विचारलं, "शेरू कधी पिसाळला रे?" मी हळूच म्हटलं, "बाबा, करा सही, विषय संपवा." ते म्हणाले, "मी नाही करत. खोटं हाये थे."

जमादारानं मला बाजूला घेतलं. धमकी वगैरे काही दिली नाही. फक्त विचारलं, नौकरी कहाँ है, पक्की हुई क्या? मी सही केली. मालक म्हणून, माझ्या नावानं, तारीख घालून.

रात्री दादानं अन् मी शेरूला बगीच्यात एका संत्र्याखाली पुरलं. मला वाटलं झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटवारानं मुनादी दिली. सावरगावात पिसाळलेलं कुत्रं मारलं गेलं आहे, त्याला ज्यांनी ज्यांनी हात लावला, ज्यांना त्यानं चाटलं, त्यांनी दवाखान्यात जावं. यात चूक कोणाचीच नव्हती. कागदावर जे लिहिलं होतं त्याप्रमाणं सगळं बरोबरच चाललं होतं. दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी विचारलं, कुत्रं खरंच पिसाळलं होतं का? वहिनी म्हणाली, "नाही जी, चांगला होता." डॉक्टर म्हणाले, घरवालोंने खुद लिखकर दिया है, मैं रिस्क नहीं ले सकता. अन् त्यांचं खरं होतं. रेबीज एकदा अंगात फुलला तर माणूस वाचत नाही, कोणता डॉक्टर जोखीम घेईल? मी वहिनीच्या मागं उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, की साहेब, तो कागद खोटा आहे, मी लिहिला आहे. मी बोललो नाही. सरकारी कागदावर खोटं लिहिलं हे कबूल करायचं, तेही प्रोबेशनमध्ये!

तेव्हाची इंजेक्शनं आजच्यासारखी दंडात चारपाच नव्हती. पोटात, बेंबीभोवती, रोज एक, चौदा दिवस. मेंढीच्या मेंदूपासून ती लस करायचे. तिच्यानं क्वचित कोणाला लकवा मारायचा, हे मला फार उशिरा वाचनात आलं. आपल्या देशात ती बनवणं 2004 च्या शेवटी बंद झालं. आमच्या घरून मायनं घेतली, पाच वर्षांच्या त्या पोरानं घेतली, शेजारच्या दोन लेकरांनी घेतली. पहिल्या दोन दिवसांचं रडणं मी ऐकलं, मग सुट्टी संपली म्हणून शाखेत परत गेलो. बाकी बारा दिवस मी काउंटरवर बसून मोजले. दादाचं अंतर्देशीय आलं, पोट टणक झालंय, ताप येतो, पण सगळे बरे आहेत. माझं कन्फर्मेशनही आलं.

रिटायर झाल्यावर वेळच वेळ. या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याबद्दल दोन कलमं होती, 428 आणि 429. त्यात जनावराची किंमत मोजलेली, एकात दहा रुपये किंवा जास्त, दुसऱ्यात गाय, बैल, घोडा वगैरे कोणत्याही किमतीचे आणि इतर जनावर असेल तर पन्नास रुपयांच्या वरचं. आयुष्यभर तारणाचं व्हॅल्युएशन केलेला माणूस मी, पण गावठी कुत्र्याची किंमत दहा रुपये तरी कशी दाखवणार? पावती कुठली? 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, तिच्या 325 कलमात ही किमतीची अट राहिली नाही. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला, पण मला बरं वाटलं.

मुंबईचा 1832 चा किस्सा पुष्कळांना माहीत नसेल. कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता अन् शिपायांना कुत्र्यामागं आठ आणे मिळायचे. आठ आण्यांसाठी शिपाई लोकांच्या घरातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊन मारायला लागले. पारशी लोकांना कुत्रा पवित्र. 6 जूनला त्यांनी शिपायांना घेरून मारलं, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, किल्ल्यातल्या साहेबलोकांना रसदसुद्धा मिळू दिली नाही. लष्कर बोलवावं लागलं. हे वाचताना मी हसलो अन् मग गप्प झालो. त्या लोकांनी कुत्र्यासाठी शहर बंद केलं. मी कागद लिहून दिला.

अन् एक अनुभव मुलीकडचा. ती अमेरिकेत कोलोरॅडोला असते, तिच्याकडं मोठा थोरला कुत्रा आहे. 2016 साली आम्ही दोघं तिथं होतो. दुपारी बेल वाजली, काचेतून पाहिलं तर पोलीस. कुत्रा दाराकडं धावला, भुंकायला लागला. माझे हातपाय गार पडले. मी इकडं ओरडतोय, "बांध त्याला, बांध!" तो अधिकारी दोन पायऱ्या खाली उतरून बाजूला उभा राहिला, काचेतून हातानं खूण केली, कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा, मी थांबतो. मुलीनं ठेवला. मग त्यानं शेजाऱ्याच्या गाडीबद्दल काहीतरी विचारलं अन् गेला. दोन मिनिटांचं काम.

जावई म्हणाले, इथंही आधी असं नव्हतं. तिकडं घरात शिरलेल्या पोलिसांनी पाळलेली कुत्री मारल्याची प्रकरणं पुष्कळ झाली. 2008 साली मेरीलँडमधल्या एका गावाच्या मेयरच्याच घरी पोलीस घुसले, गांजाच्या पार्सलच्या संशयावरून, आणि त्याची दोन काळी लॅब्रेडॉर मारली. मेयरचा त्या पार्सलशी काही संबंध नव्हता. तो माणूस गप्प बसला नाही, पुढच्या वर्षी त्या राज्यात कायदा झाला की अशा सशस्त्र तुकड्यांनी कुठं, किती वेळा, कशासाठी धाड घातली याची नोंद देत जायची. कोलोरॅडोत 2013 ला कायदा झाला, पोलिसांना कुत्र्याची देहबोली शिकवायची आणि तातडीचं काही नसेल तर मालकाला कुत्रं आवरायला वेळ द्यायचा. म्हणजे तो अधिकारी पायऱ्या उतरला तो काही देवमाणूस होता म्हणून नाही. त्याला शिकवलं होतं. आमच्या अंगणातलं ते टेंगूळवालं पोरगं तेवढंच शिकलेलं असतं तर तोही उतरला असता. त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीला वाटलं जेवण बाधलं.

आता आपला पांढुर्णा जिल्हा झाला, ऑक्टोबर 2023 मध्ये. बंदोबस्त आणखी वाढला, वर ड्रोन फिरतात. गोटमारीच्या दिवशी कुत्री बांधा, आणि बांधली तर सोडू नका, एवढं मी घरोघर सांगत असतो. लोक म्हणतात म्हाताऱ्याला कुत्र्यांचं वेड आहे.

माय 1998 ला गेली. चौदावं इंजेक्शन घेऊन आली त्या संध्याकाळीही तिनं पहिली भाकर काढून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली होती, हे दादानं पत्रात लिहिलं होतं. मी आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "तुले लागलं नाही ना कोठी?" तिला वाटायचं शेरू पिसाळलेलाच असेल, तिच्याच लक्षात आलं नसेल. शिकलेल्या पोरानं लिहून दिलं होतं ना. मरेपर्यंत ती म्हणायची, बाई, मले समजलंच नाही.

बाबू, तू हे वाचशीलच, तू या गटात रोज असतोस. परवा तू तुझ्या नातवाला सांगत होतास की मला लहानपणी पिसाळलेला कुत्रा चावला होता, चौदा सुया घेतल्या. तो चावला नव्हता रे. पिसाळलेलाही नव्हता. त्या कागदावर सही माझी आहे.