बोट धरण्याचा हिशेब

पहाटेची कॅनिंग लोकल सियालदह स्थानकात शिरते, तेव्हा फलाटावर भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या आणि घरकामासाठी शहरात आलेल्या बायका यांची एकच झुंबड उडते. या गर्दीच्या कडेकडेने काही मुले वावरत असतात. बंगालीत त्यांना ‘पथशिशु’ म्हणतात. रिकाम्या बाटल्या गोळा करणे, ओझे उचलणे, धाकट्या भावंडाला कडेवर सांभाळणे हा त्यांचा दिवसाचा उद्योग. गाड्यांच्या गर्दीची वेळ हीच त्यांच्या कमाईची वेळ. शाळेची घंटाही नेमकी त्याच सुमारास वाजते. ती घंटा त्यांच्यासाठी नसते, हे सांगायला नकोच.

स्थानकापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर लोरेटो डे स्कूल ही मुलींची शाळा आहे. १९७९ साली सिस्टर सिरिल मूनी या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांचा जन्म १९३६ साली आयर्लंडमध्ये झाला आणि विसाव्या वर्षी त्या भारतात आल्या. फी भरणाऱ्या मुलींच्या बरोबरीने गरीब घरच्या मुलींनाही त्यांनी शाळेत आणले. पुढे शाळेतील सुमारे १४०० मुलींपैकी जवळजवळ निम्म्या मुली अशा घरांतील होत्या. तरीही फाटकाबाहेरची मुले बाहेरच राहत होती. त्यांच्यासाठी १९८५ साली ‘रेनबो’ हा उपक्रम सुरू झाला.

त्याची रीत साधी होती. रस्त्यावरच्या मुलाने सवड मिळेल तेव्हा यावे आणि काम असेल तेव्हा जावे. पाचवी ते दहावीच्या मुलींनी कार्यशिक्षणाच्या तासाला त्याच्याजवळ बसून त्याला शिकवावे. एका मुलाजवळ एक मुलगी. ज्या तासाला एरवी रुमालावर फुले भरली जातात, त्या तासाला एक मूल अक्षरे गिरवू लागले. तयारी झाली की त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात, जवळच्या शाळेत घालायचे. ज्या मुलींना रात्रीचा आसरा नव्हता, त्यांना पुढे शाळेतच राहायला जागा मिळाली.

अशा कामाचे कौतुक करणे सोपे असते. २००७ साली सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली, आणि ते यथोचितच झाले. परंतु ज्याचे बोट धरले त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न कौतुकाने सुटत नाही. तो किती अवघड आहे, हे समजण्यासाठी जरा दूर जावे लागते.

अमेरिकेत बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली एक प्रयोग सुरू झाला. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणे उडवून प्रत्येक जोडीतील एकाला मार्गदर्शक दिला. मार्गदर्शक मुलाच्या घरी जात, त्याच्या अभ्यासाकडे पाहत, औषधोपचाराची सोय करीत. हे सरासरी पाच वर्षे चालले. अखेरपर्यंत टिकलेल्या जोड्या होत्या २५३. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड या अभ्यासिकेने त्या मुलांना, म्हणजे आता प्रौढ झालेल्या पुरुषांना, शोधून काढले. आपल्याला त्या मदतीचा फायदा झाला, असे त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश जणांनी सांगितले. नोंदी मात्र निराळेच बोलत होत्या. ज्यांना मदत मिळाली नव्हती, त्यांच्या तुलनेत हे पुरुष गुन्हेगारीपासून अधिक दूर राहिले नव्हते. उलट अकाली मृत्यू, व्यसन आणि मानसिक आजार यांत त्यांचीच बाजू पडती होती. १९७८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या तपासात असे दिसले, की उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलेल्या मुलांच्या बाबतीत हे नुकसान विशेष होते. चांगल्या हेतूने एकत्र आणलेली मुले एकमेकांकडून काय शिकतात, याचा विचार तेव्हा कोणी केला नसावा.

कृतज्ञता खरी असते; पण ती पुरावा नसते. नुसते ‘तुला बरे वाटले का?’ असे विचारून मूल्यमापन उरकणाऱ्या संस्था आपल्याकडेही कमी नाहीत.

कालावधीबाबत आणखी एक गोष्ट पुढे आली. २००२ साली ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या दोघींनी दाखवून दिले, की वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या नात्याचा मुलांना सर्वांत अधिक लाभ होतो. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्याने मात्र मुलाच्या मनातली स्वतःची किंमत आणखी घटते. ज्याला आधीच अनेकांनी सोडले आहे, त्याला आणखी एकाने सोडले, एवढाच त्याचा अर्थ.

या कसोटीवर सियालदहचा उपक्रम कसा उतरतो? तास बदलला की वर्ग बदलतो, त्यामुळे शिकवणारी मुलगी रोज तीच असेल असे नाही. दहावीनंतर ती निघूनही जाते. वरकरणी हा दोष वाटतो. परंतु येथे मुलाचे नाते एका ताईशी असण्यापेक्षा एका उघड्या दाराशी अधिक होते, आणि ते दार वर्षानुवर्षे उघडे राहिले. शिवाय शिकवणाऱ्या मुलींचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? बाराव्या वर्षी, फलाटावर झोपणाऱ्या समवयस्क मुलीशेजारी रोज बसल्याने तिच्यात काय बदलले, हे तिच्या गुणपत्रिकेत उमटत नाही. मूल्यमापन करणाऱ्याने तिच्याकडेही जायला हवे.

खरी अडचण मात्र गळतीची आहे. वस्ती उठते, आई गावी परतते, मूल यायचे थांबते. जे टिकले त्यांचीच गणती केली, तर कोणताही उपक्रम यशस्वीच ठरेल.

२०११ साली सिस्टर सिरिल मुख्याध्यापिका पदावरून दूर झाल्या; २०२३ च्या जूनमध्ये कोलकात्यातच त्यांचे निधन झाले. १९८५ साली आठ-नऊ वर्षांची असलेली मुले आता पन्नाशीच्या आसपास आहेत, म्हणजे मॅकॉर्डबाईंना भेटलेल्या पुरुषांच्या वयाची किंवा थोडी मोठीच. मॅकॉर्डबाईंना तो शोध घेता आला, कारण मार्गदर्शकांनी प्रत्येक भेटीची टिपणे लिहून ठेवली होती आणि ती कोणी रद्दीत घातली नव्हती. सियालदहच्या मुलांचा असा शोध कोणी घेतलाच, तर त्याला सुरुवात करावी लागेल ती शिकून नोकरीला लागलेल्यांपासून नव्हे, तर चार दिवस येऊन पाचव्या दिवशी न आलेल्या मुलांपासून.