आच नसलेली चूल

आमच्या घरी मायक्रोवेव्ह ओव्हन आला तो सासूबाईंसाठी. त्यांच्या पदराला गॅसची ज्योत लागता लागता राहिली, आणि दुपारी मी महाविद्यालयात असताना त्यांनी शेगडी पेटवायची नाही, असे घरात ठरले. ठरवणारे अर्थात आम्ही. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आठवडाभरातच त्यांचे जेवण कमी झाल्याचे लक्षात आले. विचारल्यावर म्हणाल्या, "भात कडेला चटका बसेल इतका कढत आणि मध्ये गार गोळा. मी कडेकडेचा खाते." यंत्रच सदोष निघाले असे मला वाटले. तक्रार नोंदवली. आलेल्या कारागिराने काचेच्या तबकाखालचे कडे जागेवर बसवले. ते सरकल्यामुळे तबक फिरतच नव्हते. तबक अडलेले असताना मी एकदा त्यात उडदाचे पापड भाजले होते, त्याचा उलगडा तेव्हा झाला. पापड काही ठिकाणी फुलून पांढरे झाले होते आणि जवळच तसेच कच्चे राहिले होते. धातूच्या पेटीत लहरी भिंतींवर आपटून एकमेकींत मिसळतात. कुठे त्यांचा जोर वाढतो, कुठे मावळतो. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, त्यामुळे दोन तापट जागांमध्ये साधारण ६ सेंटिमीटरचे अंतर पडते. तबक फिरते ते अन्नाला या सगळ्या जागांतून हिंडवण्यासाठी. पण मधला घास फिरूनही जागच्या जागीच राहतो. शिवाय लहरी अन्नात दोनतीन सेंटिमीटरच शिरतात. पुढची ऊब आतपर्यंत सावकाश झिरपावी लागते.

यावर मी सुचवलेला उपाय होता, "अहो आई, मंद आचेवर जास्त वेळ ठेवा." बटण अर्ध्यावर आणले की आच मंद होते, अशी माझी समजूत. वास्तविक आमच्या साध्या यंत्रात मंद आच नावाची गोष्टच नाही. ते काही सेकंद पूर्ण जोराने चालते, मग तितकाच वेळ स्वस्थ बसते. त्या विश्रांतीत ऊब पसरते म्हणून उपाय लागू पडला, पण माझ्या शब्दाला त्या यंत्रात काही अर्थ नव्हता. धग, आच, आधण, उकळी हे शब्द मी चुलीकडून उसने घेऊन एका पेटीला लावत होते. मराठी शिकवणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हरकत नव्हती.

ते सुचले फार उशिरा. एका सकाळी त्यांनी काचेच्या गुळगुळीत पेल्यात कॉफीसाठी पाणी तापवले. "उकळी आली की बंद करा" हेही मीच सांगितले होते. बुडबुडा दिसेना, म्हणून त्यांनी पुन्हा दोन मिनिटे लावली. पेला ओट्यावर ठेवून त्यात साखर टाकली, तोच पाणी उसळून त्यांच्या हातावर आले. गुळगुळीत पेल्यात बुडबुड्याला धरायला जागा नसेल, तर पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही निश्चल दिसते; साखरेचा कण पडताच साठलेली सगळी उकळी एकदम फुटते. तीन बोटे भाजली. नळाखाली हात धरून त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, पाण्याने काही सांगितलंच नाही."

पातेल्यातले पाणी आधी सूं करते, मग तळाशी मोती धरते, मग खळखळते. साठ वर्षे त्यांनी ते ऐकून स्वयंपाक केला होता. माझी सूचना त्यांनी तंतोतंत पाळली, म्हणून त्या भाजल्या. मी क्षमा मागितली. त्यांनी विषय बदलला.

आता पाणी तापवताना पेल्यात लाकडी चमचा असतो, वेळ मोजका लावलेला असतो, आणि यंत्र थांबल्यावर त्या मिनिटभर पेल्याला हात लावत नाहीत. भातासाठी मी शोधून काढलेली युक्ती त्यांना सांगायला गेले: ताटलीत मधोमध जागा मोकळी सोडायची, भात गोल कडेने लावायचा, वर झाकण घालायचे, काढल्यावर दोन मिनिटे थांबायचे.

"म्हणजे आळं करायचं," त्या म्हणाल्या. "मग वरणासाठी वेगळी खटपट कशाला? पण वरण मी गॅसवरच तापवणार. तू आल्यावर, तुझ्यासमोर."