डिस्चार्ज कार्डावर नसलेली नावे

2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसची साथ आली आणि ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’ हे अवघड नाव घराघरांत पोचले. दूषित पाणी, जुलाब, आणि मग पायांतली शक्ती जाणे, हा क्रम लोक रोज वर्तमानपत्रात वाचत होते. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्याच्या काही वर्षे आधी हाच आजार मी भोगला होता. जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात आणि धडधाकट माणूस चार-सहा दिवसांत अंथरुणाला खिळतो. मी त्यातून उठले, चालू लागले, पुन्हा शाळेत जाऊन वर्गावर उभी राहिले. हे कोणाकोणामुळे झाले आणि ती माणसे कुठे घडली, हे मला लिहून ठेवायचे आहे.

माझ्या डिस्चार्ज कार्डावर एकाच डॉक्टरांचे नाव आहे. बाकीच्यांची ओळख मला नंतरच्या महिन्यांत झाली, न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत तपासणीसाठी जाताना, बाकावर नंबराची वाट पाहताना. शिक्षिकेला कोण कुठे शिकले हे विचारायची सवयच असते. त्यांतल्या बहुतेकांनी नाव छापू नका म्हटले, म्हणून व्यक्तींची नावे देत नाही. त्यांना घडवणाऱ्या संस्थांची आणि गुरूंची नावे मात्र देते.

पहिले ऋण आमच्या गावातल्या डॉक्टरांचे. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचा दवाखाना. ते मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे बरीच वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, म्हणून मी गेले, तेव्हा त्यांनी हातोडीने गुडघ्याखाली टकटक केले. पाय हलला नाही. दुसराही हलला नाही. “बाई, आजच्या आज पुण्याला निघायचं. उद्यावर टाकायचं नाही,” एवढेच ते म्हणाले. त्यांना ते लगेच कसे उमगले, हे मी पुढे विचारले. पोलिओ निर्मूलनाच्या काळात आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरला एक काम होते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की त्याची नोंद करायची आणि शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यातल्या कित्येक मुलांना पोलिओ नसून जीबीएस निघायचा. अशी मुले पाहता पाहता त्यांची नजर तयार झाली होती. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 साली पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या मोहिमेत तयार झालेली नजर पुढे माझ्या उपयोगी पडली.

पुण्यातले आमचे न्यूरॉलॉजिस्ट बीड जिल्ह्यातले. वडील एसटीत कंडक्टर, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी मास्तरीण आहे हे कळल्यापासून त्यांनी मला ‘बाई’ याखेरीज दुसरी हाक मारली नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी एमबीबीएस केले. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. मग एमडीची तीन, मग मुंबईत डीएम न्यूरॉलॉजीची तीन. त्यांच्या बरोबरीचे मित्र नोकरीला लागून संसाराला लागले, तेव्हा हे अजून रात्रपाळी करत होते. शेवटची परीक्षा होईपर्यंत वडील निवृत्त झाले होते.

त्यांनी मला पहिला प्रश्न पायांबद्दल विचारलाच नाही. “बाई, गेल्या महिन्याभरात जुलाब, ताप, डोळे येणं, असं काही?” डोळ्यांचे का विचारता, हे मी बरी झाल्यावर विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या गुरूंच्या गुरूंची गोष्ट सांगितली. सुरतेत जन्मलेले डॉ. नोशीर वाडिया लंडनला रसेल ब्रेन यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1957 साली परत येऊन त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा केला. 1971 साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यानंतर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डोळ्यांचा आणि पायांचा संबंध वाडियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला आणि जगापुढे मांडला. हाच विचारपूस करण्याचा धडा गुरूकडून शिष्याकडे येत बीडच्या या मुलापर्यंत पोचला होता. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डातल्या गरीब रुग्णांच्या खाटेशी उभे राहून हा धडा गिरवला गेला. म्हणजे माझे ऋण त्या अनोळखी रुग्णांचेही आहे.

मज्जातंतूंतून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे पाहणारी नर्व्ह कंडक्शनची तपासणी एका तरुण मुलीने केली. ती सांगलीकडची, बीएस्सी झालेली. तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केला आणि खरे काम एका जुन्या तंत्रज्ञ बाईंजवळ बसून शिकली. तपासणीआधी तिने माझे पाय कितीतरी वेळ गरम कपड्यात गुंडाळून ठेवले. मला वाटले, ही माया. माया होतीच, पण त्यात शास्त्रही होते. पाय गार असले तर संदेश मुळातच सावकाश जातो आणि नसलेला दोष कागदावर दिसतो. घाईच्या दिवशी हे टाळले तर कुणाला कळणारही नाही. “मला कळेल ना,” ती म्हणाली.

तिच्यामुळे मला या आजाराच्या नावाचा इतिहास वाचावासा वाटला. 1916 साली, पहिले महायुद्ध चालू असताना, तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचे वर्णन केले. जॉर्ज गियाँ, जाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्ट्रोल. स्नायूंच्या प्रतिक्रियांच्या नोंदी यंत्रावर घेण्याचे काम स्ट्रोल यांचे होते. आजाराला नाव मिळाले ते पहिल्या दोघांचे. नोंदी घेणारा तिसरा मागे पडला. शंभर वर्षांपूर्वी झाले ते आजही प्रत्येक दवाखान्याच्या पाटीवर होते, आणि मला ते पटत नाही.

अतिदक्षता विभागातल्या सिस्टर केरळच्या, कोट्टयमच्या बाजूच्या. मिरजेच्या वानलेस या मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत शिकल्या, म्हणून मराठीला दक्षिण महाराष्ट्राचा हेल. जीबीएसमध्ये खरी भीती पायांची नसते, श्वासाची असते. शंभरातल्या वीस-तीस रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या आणि म्हणायच्या, “मावशी, मोठा श्वास घ्या आणि एका दमात मोजा.” मी मोजायची. एक, दोन, तीन. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. आकडा विसाच्या खाली घसरू लागला की छातीचे स्नायू थकत चालले, असे समजायचे. माझा आकडा खाली येत गेला, तेव्हा त्या माझ्याबरोबर हलक्या आवाजात मोजत. मी थांबले की आकडा लिहीत आणि डॉक्टरांना फोन करत. एका रात्री आकडा खाली जायचा थांबला आणि तिथेच टिकला. नळी घालावी लागली नाही. ज्यांनी ती रात्र खुर्चीवर न टेकता काढली, त्यांची मुलगी तेव्हा कोट्टयमला आजीजवळ वाढत होती. ते मला फार उशिरा कळले.

औषध म्हणून इम्युनोग्लोब्युलिन दिले गेले. ते कारखान्यात रसायनांपासून बनत नाही. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून प्रतिद्रव्ये वेगळी काढून एकत्र केली जातात आणि तेव्हा ती बाटली तयार होते. वजनाच्या हिशोबाने पाच दिवस ते माझ्या शिरेत गेले. कोणत्या गावची, कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची माणसे त्यात होती हे कुणी सांगू शकणार नाही. माझ्या अंगात ती सगळी होती.

प्रतिद्रव्यांचा हल्ला थांबला तरी गेलेली शक्ती लगेच परत येत नाही. आमचा फिजिओथेरपिस्ट कोल्हापूरच्या तालमीतला. खांदा निखळला, कुस्ती सुटली, आणि ज्या फिजिओथेरपिस्टने खांदा बरा केला त्याच्याकडे पाहून याने हाच अभ्यास घेतला. साडेचार वर्षांचा बीपीटीएच. मुंबईत 1950च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओने मुले अपंग होऊ लागली, त्या गरजेतून केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. याचे शिक्षक त्या परंपरेतले. मला पहिलवान म्हणजे जोर काढायला लावणारा वाटला होता. हा उलट मला थांबवायचा. “आज एवढंच, काकू. थकलेल्या नसेला मारून चालवायचं नाही.” या आजारात अति व्यायामाने नुकसान होते आणि कधी थांबायचे हे त्याला शरीरानेच शिकवले होते.

हातांचे काम ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे होते. त्या केईएमच्याच ऑक्युपेशनल थेरपीच्या शाळेतल्या. ही शाळा 1950 साली कमलाताई निंबकरांनी सुरू केली. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी, विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. फलटणला त्यांच्या नावाची कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. आमच्याकडच्या शिक्षकांना ती चांगली माहीत. ज्यांचे नाव मी शाळेच्या फाटकावर वाचत आले, त्यांनी लावलेल्या विद्येने माझी बोटे सुटावीत, याचे मला आजही भरून येते. बाईंनी पहिल्या दिवशी विचारले, “सगळ्यात आधी काय करायचंय तुम्हाला?” मी म्हणाले, “खडू धरायचाय.” त्यांनी ओल्या मातीच्या गोळ्यांपासून सुरुवात केली. मग कपड्यांचे चिमटे, ब्लाउजचे हूक, साडीच्या निऱ्या, जाड पेन, आणि शेवटी खडू. पहिले अक्षर वेडेवाकडे आले. त्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या.

आणि वॉर्डातले मामा. हिंगोलीकडचे, दुष्काळात शेत सुटले म्हणून पुण्यात आलेले. त्यांनी कुठलाही कोर्स केलेला नाही. पण पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी मला कुशीवर वळवताना एक हात खांद्याखाली आणि एक कमरेखाली कसा घालायचा, हे ते नव्या नर्सना दाखवत. माझी लाज राखून त्यांनी माझी सेवा केली. त्यांचा पगार या सगळ्यांत कमी.

ही सगळी माणसे एका छपराखाली माझ्यासाठी जमली. त्यांना तिथवर आणणारे मात्र फार दूरवर पसरलेले आहेत. जिल्हा परिषदेची शाळा, अंबाजोगाईचे आणि मिरजेचे सरकारी महाविद्यालय, जे. जे. आणि केईएमचे वॉर्ड, मिशनची नर्सिंग शाळा, पोलिओची मोहीम, रक्तदान शिबिरे. यांतले बरेचसे लोकांच्या पैशावर उभे राहिले. या संस्थांतली पदे रिकामी राहतात, इमारती गळतात, तेव्हा दहा-वीस वर्षांनी आजारी पडणाऱ्या कुणाचा तरी डॉक्टर, कुणाची तरी सिस्टर आपण आज गमावत असतो. ऋण फेडायचे असेल तर या संस्थांसाठी बोलले पाहिजे, ग्रामसभेत आणि मत मागायला येणाऱ्यांसमोर.

वाचकांना माझे दोनच सांगणे. तब्येत धड असेल तर रक्तदान करा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाल, तेव्हा तपासणी करणाऱ्या मुलीला, सिस्टरना, मामांना त्यांचे नाव आणि गाव विचारा, आणि ते लक्षात ठेवा.