कालंकेचा पाषाण आणि इंदूरचे किरण

दोस्तांनो, बार्शीटाकळीला कधी गेला आहात का? सोलापूरकडची बार्शी नव्हे बरं का! ही आपल्या वऱ्हाडातली, अकोल्याहून वाशीमला जाताना लागते. गावात कालंका देवीचं दगडी मंदिर आहे. तिथला शिलालेख शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६चा. मे महिन्यात दिवेलागणीला तिथे जा आणि तळहात पाषाणाजवळ नुसता धरा. ऊन केव्हाच गेलेलं असतं, तरी ऊब लागते! ते अवरक्त किरण. डोळ्यांना न दिसणारा उजेडच म्हणा ना.

गावावरून पूर्वी मीटरगेजची गाडी जायची. ती लाइन अकोला, मेळघाट, खंडवा करत थेट इंदूरला पोचायची. धूळघाटाजवळ तर रूळ चक्क गोल वळसा घ्यायचे. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ साली बंद झाली.

आणि गंमत बघा, त्याच इंदुरात हे किरण मुद्दाम तयार करतात! राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. पायाभरणी १९८४ची.

कसे करतात? आधी क्लायस्ट्रॉन नावाच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. वाटेत त्यांचे घोळके होतात. हे घोळके धातूच्या पोकळ डब्यातून जाताना आपली ऊर्जा देऊन टाकतात आणि मायक्रोवेव्ह लहरी उठतात. आपल्या ओव्हनमधल्या लहरी हजारेक वॅटच्या. या क्षणभरच असतात, पण लाखो वॅटच्या! त्या दुसऱ्या झोताला ढकलत ढकलत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाला नेतात.

हा झोत मग चुंबकांच्या लांब रांगेतून जातो. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण! नागमोडी वळणं घ्यावीच लागतात. वळणावर गाडीची चाकं कशी करकरायची? तसे इलेक्ट्रॉन वळताना किरण फेकतात. दोन आरशांमध्ये हे किरण येरझाऱ्या घालतात आणि त्यांच्या ठेक्यावर पुढचे इलेक्ट्रॉनही एका तालात येतात.

पाषाणातले कण म्हणजे जत्रेतली गर्दी, प्रत्येकाची आपली तऱ्हा. इंदूरचे इलेक्ट्रॉन म्हणजे शाळेचं लेझीम पथक! हा ताल तिथे २०१६ साली पहिल्यांदा जमला. पाषाणातून सगळ्या लहरी मिसळून येतात. इथे हवी तेवढीच लहर निवडता येते. तिच्यावरून एखाद्या पदार्थाचे अणू कसे थरथरतात, ते शास्त्रज्ञांना कळतं.

ताकद दोन्हीकडे आहे, फरक आहे तो तालाचा. पुढच्या वेळी मंदिरात गेलात की हात जोडून झाल्यावर तो पाषाणाजवळही धरा हं!