कमानीचा रंग

गाडीच्या अंगाला नवा रंग दिला की शेजारीपाजारी चौकशी करतात. तिच्या पोटाखालच्या स्प्रिंगांना रंग दिला तर तो कुणाच्या नजरेस पडत नाही. त्यामुळे त्या कामाची घरात कधी चर्चा होत नाही. आमच्या घरी मात्र ती झाली, आणि चांगली आठवडाभर झाली.

निमित्त होते थोरल्या बंधूंच्या प्रीमियर पद्मिनीचे. दादा गेले, गाडी मागे राहिली. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात ती बनली, त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. म्हणून ‘ही आपल्याच भागातली लेक’ असे दादा कौतुकाने म्हणत. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले आणि त्याने हट्ट धरला की वरात बाबांच्याच गाडीतून निघेल आणि आई शेजारी बसेल. गाडी नवीकोरी दिसावी म्हणून त्याने कुठल्याशा चित्रात पाहिलेल्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या क्रोमच्या स्प्रिंगा मनात धरल्या. “काका, एकदाच काय तो खर्च करू,” असे त्याचे म्हणणे.

पद्मिनीला पुढे दोन गोल स्प्रिंगा आणि मागे पाट्यांच्या दोन कमानी असतात. आमच्या बसवकल्याणात पाट्यांच्या स्प्रिंगेला कमान म्हणतात. मूळ शब्द फारसी, अर्थ धनुष्य. उर्दूत कमान, कानडीत कमानु आणि मराठीत पुन्हा कमान. सीमेवर कितीही वाद झाले तरी या एका शब्दावर तिन्ही भाषा गुण्यागोविंदाने बसल्या आहेत. गावापासून थोड्या अंतरावर, सस्तापूर बंगल्याशी सोलापूर-हैदराबादचा हमरस्ता लागतो. त्या वाटेवर ट्रकांच्या कमानी उतरवण्यात हयात घालवलेले एक चाचा आहेत. गाडी त्यांच्याकडे नेली.

चाचांनी पुतण्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “बेटा, क्रोम नक्को. चमक येते, जान जाते.”

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे त्या ‘जान’चा अर्थ पुतण्याला उलगडून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. स्प्रिंगेचे पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून कठीण आणि लवचीक केलेले असते. क्रोमचा मुलामा चढवण्याआधी ते आम्लात धुतात, मग विजेच्या हौदात सोडतात. या दोन्ही वेळी हायड्रोजन वायू पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. वरून काही दिसत नाही; एखाद्या खड्ड्यात मात्र स्प्रिंग काचेसारखी तुटू शकते. मुलामा दिल्यावर लगेच भट्टीत शेकून तो वायू बराचसा काढता येतो, पण शोभेच्या वस्तूंना मुलामा देणारा ते करील याची खात्री कोण देणार?

मग उरतात दोन मार्ग. पहिला हाताचा: तारेच्या ब्रशने गंज काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि वर काळा इनॅमल. आम्हाला सामानाचा खर्च सुमारे सातशे रुपये सांगितला गेला. दुसरा पावडर कोटिंगचा. वाळूच्या माऱ्याने धातू स्वच्छ करून त्यावर पावडर बसवतात आणि भट्टीत भाजतात. त्या भट्टीची उष्णता साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते. स्प्रिंगेला पाणी देताना शेवटी ती याच्या दुपटीहून अधिक तापवलेली असते, म्हणून या भट्टीने तिचा कस उतरत नाही. पुढच्या दोन स्प्रिंगांचे सोलापूरला बाराशे रुपये सांगितले. क्रोमचा आकडा याच्या चौपट होता. यांतल्या कशातही स्प्रिंगा उतरवण्या-बसवण्याची मजुरी धरलेली नाही. ती कोणताही रंग निवडला तरी तेवढीच पडते. शिवाय गोल स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ती सुटली तर माणूस जायबंदी होतो. तेव्हा मजुरी वाचवायला ते काम घरी करू नये.

कमानींची गोष्ट वेगळी. तिथे पाटे एकमेकांवर घासतात, म्हणून मधल्या भागांत जाड पावडर टिकत नाही. ती सोलून निघते आणि यू-बोल्टची पकड ढिली पडते. तिथे पातळ ऑक्साइड आणि पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस, एवढेच योग्य. आणि हेही खरे की, बसलेली कमान रंगाने उठत नाही. ती ठोकून वर घेतात, पण पुन्हा पाणी दिल्याशिवाय ती फार दिवस तग धरत नाही.

चाचांनी सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केले, घासले आणि मुख्य पाटा पुतण्याच्या हाती दिला. बोल्टच्या छिद्रापासून केसासारखी एक बारीक रेघ कडेकडे गेली होती. गंजाखाली ती कुणालाच दिसली नसती, आणि वरून रंग फासला असता तर कायमची झाकली गेली असती. स्प्रिंगेवरचा ताण सर्वांत जास्त तिच्या पृष्ठभागावरच असतो. गंजाचा लहानसा खळगा, त्यातून तडा, आणि एक दिवस भर रस्त्यात तुकडा. त्या रेघेवरच वहिनी बसणार होत्या. पुतण्या बराच वेळ तो पाटा हातात धरून उभा होता. क्रोमचा विषय त्यानंतर निघाला नाही.

वेल्डिंगने जोडून घ्या, असा सल्ला तिथल्याच एकाने दिला. चाचांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पाट्याचे पाणी उतरते आणि तो शेजारीच तुटतो. नवा मुख्य पाटा, नवे बुश, नवे बोल्ट आणि मजुरी धरून दोन्ही कमानींचे बिल तीन हजारांच्या आसपास झाले. पुढच्या स्प्रिंगांना काळे पावडर कोटिंग केले. क्रोमसाठी काढून ठेवलेल्या पैशांत एवढे सगळे बसले.

या कल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुभव मंटपात नावाडी, धोबी, बुरूड, चांभार असे हाताने काम करणारे शरण एकत्र बसत. कष्टाचे काम हीच पूजा, या विचाराला ते कायक म्हणत. त्याची भाषणे आपण दर वर्षी ऐकतो. मला ते चाचांच्या तारेच्या ब्रशात दिसले. रंग देण्याआधी त्यांनी घासून पाहिले, आणि जे दिसले ते गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले. आपल्याही दारात जुनी गाडी असेल, तर यंदा दिवाळीला धुताना एकदा खाली वाकून पाहा. गंज असेल तर आधी घासून घ्या. रंग कोणता द्यायचा ते नंतर ठरवता येते.