ऐरण शोधत वरोऱ्याच्या वाटेवर

नागपूरच्या इतवारीत, लोहा ओळीत, नवं लोखंड हवं तेवढं मिळतं. जुनं हवं असेल तर भंगाराच्या गोदामांत शिरावं लागतं. कोळशाची भट्टी स्वतः बांधायची आणि तिच्यापुढे चालतील अशी जुनी लोहारी हत्यारं गोळा करायची, एवढ्या कामासाठी मी आणि माझा मित्र त्याचा छोटा टेम्पो घेऊन निघालो होतो. नागपूरहून हिंगणघाट, तिथून वरोरा आणि शेवटी भद्रावतीजवळचं माझ्या मामाचं शेत, अशी वाट ठरली होती. भट्टी शेतातच बांधायची होती, कारण शहरात शेजाऱ्यांच्या खिडकीखाली दगडी कोळसा पेटवता येत नाही. मे महिना सरत आला होता. नवतपा सुरू होता. या दिवसांत आगीपुढे बसायची कल्पना कुणालाही वेडेपणाची वाटेल, पण विदर्भातल्या खात्याचा, म्हणजे लोहाराचा, खरा हंगाम हाच असतो. मृग लागायच्या आत गावातल्या प्रत्येक वखराची पास आणि नांगराचा फाळ त्याच्या हातून जावा लागतो.

नागपुरातली खरेदी लवकर आटोपली. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम मिळाला. तो जाड बिडाचा असतो, खोलगट असतो आणि त्याच्या मधोमध आयतंच भोक असतं, त्यामुळे भट्टीच्या कुंडाला याहून सोयीची वस्तू नाही. हवेच्या नळीसाठी दुकानदार जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पाइप पुढे करत होता. मी काळाच मागितला. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. भट्टीजवळ असा पाइप कुणीही लावू नये. ऐरणीऐवजी रुळाचा तुकडा न्या, असंही एकानं सुचवलं. रूळ वाईट नाही. आपल्या रेल्वेचा जड रूळ मीटरला ६० किलोचा असतो, म्हणजे फूटभर तुकडा अठरा किलोंचा, आणि तो उभा ठोकला तर घावाखाली सगळं वजन येतं. पण पावतीशिवायचा रूळ जवळ असणं हा १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या गोदामात पावती नव्हती.

बुटीबोरी मागे पडली, जामवरून पुढे निघालो आणि हिंगणघाटला पोचेपर्यंत टेम्पोचा पत्रा हात लावू देत नव्हता. हे कापसाचं जुनं गाव. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले तेव्हा त्यांच्या यंत्रांबरोबर त्यांची दुरुस्तीची दुकानंही आली, आणि प्रत्येक दुकानात एक ऐरण असायचीच. बंद पडलेल्या जिनांचं सामान घेणाऱ्या एका भंगारवाल्याच्या आवारात, दातेरी चाकांच्या ढिगाखाली, एक शिंग बाहेर आलेलं दिसलं. ढीग उपसायला दोन पोरं लागली. ऐरण बाहेर आली तेव्हा मी तिच्या कुशीवर आधी तारेचा ब्रश मारला, मग पाण्याचा हात फिरवला. अक्षरं झिजली होती, तरी पीटर राइट हे नाव वाचता आलं. इंग्लंडमधल्या डडलीचा हा जुना कारखानदार. नावाखाली तीन आकडे होते, १, ० आणि १४.

हे आकडे जुन्या इंग्रजी वजनाचे. पहिला हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईंचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. एकूण १२६ पौंड, म्हणजे सत्तावन्न किलो. भंगारवाल्याच्या काट्यावर ती छप्पन्नाच्या जरा वर भरली. उरलेलं वजन कित्येक वर्षांच्या घावांनी आणि गंजानं नेलं. अशा ऐरणीचं अंग घडीव लोखंडाचं असतं आणि माथ्यावर पोलादाची पाटी आगीतच जोडलेली असते. ती पाटी सुटली असेल तर ऐरण गेली. म्हणून मी खिशातला बेअरिंगचा छर्रा काढला आणि माथ्यावर दहा इंचांवरून सोडत गेलो. बहुतेक ठिकाणी तो सात-आठ इंच वर आला, एका कोपऱ्यात मात्र कमी. हातोडी हळूच मारली. आवाज खणखणीत होता, बद्द नव्हता.

“कायले पाह्यजे जी तुम्हाले?” भंगारवाल्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं भाव किलोचाच लावला, बिडाच्या चाकांना लावतो तोच. त्याच्या धंद्यात तेच बरोबर आहे, पण मला ते लागलं. आणखी काही दिवसांत ही ऐरण वितळून सळई झाली असती. त्याच ढिगातून आम्ही एक घण, दोन पोगर, काही सांडशा आणि हातानं फिरवायचा दातेरी पंखाही उचलला. पंख्याची मूठ तुटली होती, दाते शाबूत होते.

वरोऱ्याकडे वळलो तेव्हा दुपार कलली होती. या रस्त्यावर मला दरवेळी जमशेटजी टाटा आठवतात. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती आला. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे, असं त्यात होतं, आणि जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण होती. पोलादाचा कारखाना इथेच उभा राहायचा होता. पण वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासला गेला आणि या कामाला निरुपयोगी ठरला. पुढे १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी निघाली आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला.

हा इतिहास शाळेत वाचला तर एका ओळीत संपतो. भट्टीपुढे बसलं की त्याचं कारण हाताला कळतं. वर्धा खोऱ्यातला कोळसा चिकटणारा नाही. लोहाराला हवा असतो तो कोळसा तापला की मऊ होतो, एकमेकांना धरतो, धूर टाकून देतो आणि मागे सच्छिद्र कोक ठेवतो. त्या कोकचं घुमटासारखं छप्पर होतं आणि लोखंड आत चारी बाजूंनी तापतं. आपला कोळसा सुटा सुटाच जळतो. त्यात राखही जास्त, ती वितळून तळाशी खंगर होते आणि हवेची भोकं बुजवते.

भद्रावतीला आम्ही मातीसाठी थांबलो. हे गाव कुंभारकामासाठी नावाजलेलं, ग्रामोदय संघानं या कलेला इथे नवं बळ दिलं. एका कुंभारदादांनी मळलेल्या चिकणमातीची दोन घमेली दिली आणि त्यात बारीक रेती किती घालायची तेही दाखवलं. विदर्भात माती आणि आग यांची ही सोबत फार जुनी आहे. नागपूरच्या उत्तरेला, पेंच नदीकाठी नैकुंडला, उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात.

मामाच्या शेतात भट्टी उभी करायला फार वेळ लागला नाही. विटांच्या ओट्यावर ड्रम बसवला, तळाच्या भोकावर जाड पत्र्याची जाळी ठेवली, खाली दोन इंची पाइपाचा टी जोडला. त्याच्या आडव्या तोंडातून पंख्याची हवा येते. खालच्या तोंडाला झाकण लावलं, ते उघडलं की राख पडते. आतून बोटभर मातीचा लेप दिला आणि तो सावलीत वाळू दिला, उन्हात तडे जातात.

शेजारच्या गावातले वयस्क खाती काकाजी सकाळीच येऊन बसले होते. त्यांनी पंखा फिरवून पाहिला आणि मान हलवली. “हे बरं केलं जी. माह्या घरी बिजलीचा ब्लोअर हाये. तो हवा फेकतच राह्यते, म्हून लोखंड जयते. चांदण्या उडाल्या का समजा, गेलं.”

आधी डेपोतला इथलाच कोळसा पेटवला. पिवळा, घट्ट धूर शेतभर पसरला, आणि थोड्याच वेळात जाळीवर खंगर धरलं. ते काढून ओतशाळेत वापरतात तो हार्ड कोक बारीक फोडून घातला. तो पेटायला कठीण, हवा थांबली की विझतो, पण आच स्वच्छ. काकाजींनी त्यावर दोन मुठी लोणारी कोळसा टाकला आणि पंखा माझ्या हातात दिला. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा लाल झाला, मग नारिंगी.

“आता!” ते म्हणाले.

त्यांची सांडशी त्यांनी घरून आणली होती. आमच्या सांडशा त्यांना पटल्या नाहीत, जबडा पाट्याच्या जाडीला बसत नव्हता. लोहाराकडे सांडशा ढीगभर का असतात, ते तेव्हा उमगलं. मामानं घण मारला, काकाजींनी हातोडीनं जागा दाखवली, आणि त्या पाट्यातून वखराची पास लांबत गेली. शेवटी पाणी देताना त्यांनी फक्त धारेचा काठ बुडवला. “पासेले पानी कमीच द्या. दगड लागला त तुटते.”

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सांगितलं की त्यांच्या भावाची ऐरण भावाच्या मागं पोरांनी भंगारात घातली. कोणत्या गावच्या भंगारात, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. स्वतःची मात्र त्यांनी अजून ओट्यावर ठेवली आहे.

तुमच्या गावात खात्याचं, लोहाराचं घर असेल तर या उन्हाळ्यात तिथे जाऊन या. ऐरण, भाता, सांडशा विकायला निघाल्या असतील तर भंगाराच्या भावाहून जास्त पैसे देऊन त्या घ्या, आणि ज्यानं त्या वापरल्या त्याच्याजवळ बसून त्या कशा वापरायच्या तेही विचारून घ्या.