पहिले साठ फूट

पाव मैल म्हणजे 1,320 फूट, आपल्या हिशेबात साधारण 402 मीटर. माझी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय हे अंतर चौदा-पंधरा सेकंदांत कापते. त्यातल्या पहिल्या साठ फुटांवर मी जितका जीव ओतला, तितका उरलेल्या अंतरावर कधी ओतला नाही. गिअर बदलणं सवयीने जमतं, इंजिनाची ताकद विकत घेता येते. थांबलेली टर्बो गाडी लाइनवरून नीट सोडणं मात्र हातापायांना शिकवावं लागतं.

मी डेट्रॉईटजवळ राहते, नोकरीही गाड्यांच्याच क्षेत्रातली. पुण्याहून इकडे आलेल्या मराठी इंजिनिअरांपैकी मी एक. डेट्रॉईटच्या नैऋत्येला मायलन ड्रॅगवे आहे, थांबलेल्या गाडीने सरळ पाव मैल पळायच्या शर्यतीची, म्हणजे ड्रॅग रेसिंगची, पट्टी. ‘टेस्ट अँड ट्यून’च्या दिवशी फी भरली आणि गाडी तपासणीत पास झाली की कुणालाही आपली घरची गाडी पळवता येते. रांगेत माझ्यापुढे ट्रेलरवरून आणलेली रेसकार असते आणि मागे कुणाची तरी रोजची पिकअप. ड्रॅग रेसिंगची मोठी संस्था एनएचआरए 1951 साली स्थापन झाली. तिच्या नियमाप्रमाणे पाव मैल 13.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर जाणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं. मी पहिल्यापासून हेल्मेट घालूनच बसते. याच मिशिगनमध्ये राहून ड्रॅग रेसर शर्ली मुल्डाउनीने 1977, 1980 आणि 1982 अशी तीनदा टॉप फ्युएल या वर्गाची विजेतेपदं मिळवली. गाडीत बसताना मला ती हटकून आठवते.

धाव संपली की परतीच्या वाटेवरच्या खिडकीतून एक चिठ्ठी हातात येते. रिअ‍ॅक्शन टाइम, साठ फूट, 330 फूट, अर्ध्या अंतराची वेळ, हजार फूट, आणि सगळ्यात खाली एकूण वेळ आणि शेवटचा वेग. सुरुवातीच्या माझ्या एका चिठ्ठीवर वेग होता ताशी 97 मैल आणि वेळ 15.21 सेकंद. म्हणजे इंजिनाने आपलं काम चोख केलं होतं, कारण शेवटचा वेग मुख्यतः ताकद आणि वजन यांवर ठरतो. तेवढ्या वेगाची गाडी साडेचौदाच्या आसपास यायला हवी. उरलेली वेळ गेली कुठे, ते साठ फुटांच्या रकान्यात छापलं होतं: 2.52.

शेजारच्या रांगेत एक आजोबा काळी ब्युइक ग्रँड नॅशनल घेऊन यायचे. 1987 ची, 3.8 लिटर व्ही-सिक्स टर्बो. त्यांनी माझी चिठ्ठी घेतली, साठ फुटांच्या ओळीखाली घडी घातली आणि परत दिली. म्हणाले, “हा आकडा खाली येईपर्यंत बाकीचे बघूच नकोस.”

त्यांच्या गाडीची पद्धत मला जशीच्या तशी उचलता येणार नव्हती. ब्युइक ऑटोमॅटिक आहे. डाव्या पायाने ब्रेक दाबून धरायचा आणि उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर. टॉर्क कन्व्हर्टरमुळे इंजिनावर भार येतो, एक्झॉस्ट जोराने वाहतो, टर्बो फिरायला लागतो आणि गाडी जागेवर असतानाच बूस्टचा काटा चढतो. शिवाय गाडी मागच्या चाकांवर चालते. लाइनवरून उडी घेताना, म्हणजे लाँचच्या वेळी, वजन मागे जातं आणि चाकांची पकड उलट वाढते.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मॅन्युअल. उडी घेताना नाक वर उचललं जातं आणि ज्या चाकांनी गाडी ओढायची त्यांच्यावरचंच वजन कमी होतं. त्यात क्लच दाबून इंजिन साडेचार हजार आरपीएमवर किंचाळवलं तरी बूस्ट जवळपास काहीच मिळत नाही, कारण इंजिनावर भारच नसतो. मिळतो तो फक्त फ्लायव्हीलचा झटका. क्लच सोडताच त्या झटक्याने टायर फिरतात. ते सावरायच्या आत टर्बो जागा होतो आणि 350 न्यूटन मीटर टॉर्क त्याच घसरत्या टायरवर येऊन पडतो. टायर दोनदा सुटतो, तो असा. हे लक्षात आल्यावर पुढचा मार्ग सरळ होता: आरपीएम कमी ठेवायचे आणि बूस्ट येईल तेव्हा टायर रस्त्याला धरून असेल असं बघायचं.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा शिरस्ता ठेवला. पुढच्या टायरांतली हवा थोडी-थोडी उतरवत सव्वीस पीएसआयवर आणली. त्याखाली टायर गचके खायला लागला. मागे हवा उलट वाढवली. लाइनच्या अलीकडे पाणी मारलेली जागा असते, ती रेसकारच्या गुळगुळीत स्लिक टायरांसाठी. आपल्या रस्त्याच्या टायरांच्या खाचांत ते पाणी बसतं आणि थेट लाइनवर येऊन सांडतं, म्हणून तिला वळसा घालून पुढे जायचं. हँडब्रेक ओढून पुढची चाकं क्षणभर कोरडीच फिरवायची, तेवढ्याने त्यांना चिकटलेली खडी आणि धूळ निघते. लाइनवर डांबर दिसतच नाही, जळलेलं रबर आणि फवारलेला चिकट द्राव यांचा काळा थर असतो. त्यावर पाऊल टाकलं तर बूट सोडवून घ्यावा लागतो. आधीच्या गाड्यांनी जिथे रबर पसरलंय, त्याच पट्ट्यात चाकं ठेवायची.

आणि मग ती उडी. समोरच्या दिव्यांच्या खांबावर प्रीस्टेजचा दिवा लागतो. इंच-इंच पुढे सरकायचं. स्टेजचा दिवा लागला की तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. वेळ मोजायला सुरुवात होते ती पुढचा टायर लाइनवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर, त्यामुळे मागे थांबलेल्याला फूटभर पळ फुकटात मिळतो. पहिला गिअर, हँडब्रेकवर गाडी, आरपीएम अडीच-पावणेतीन हजार. डावा पाय क्लच जिथे धरायला लागतो तिथपर्यंत आलेला. बॉनेट जरासं उचलतं, ते सीटमध्ये कळतं. पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उतरतात. तिसऱ्या पिवळ्याला हँडब्रेक खाली, क्लच एकदम न सोडता घसरवत बाहेर, आणि उजवा पाय अर्ध्यावर. टायरची एक बारीक चिरचिर ऐकू यायला हवी. किंकाळी आली तर जास्त झालं, आवाजच आला नाही तर इंजिन गुदमरलं. चिरचिर थांबली की पाय पूर्ण खाली, तेव्हाच बूस्ट येतो. हे सगळं एका श्वासात होतं. मला हे लिहायला जितकं आवडतं, त्याहून कितीतरी जास्त करायला आवडतं.

एवढं करूनही लाँचच्या वेळी पुढची चाकं धडधड उड्या मारायची, त्याचं मूळ वेगळंच निघालं. इंजिनाच्या खालच्या माउंटचं मऊ रबर पिळायचं आणि उलट उसळायचं. तिथे कडक पॉलियुरेथेनचा तुकडा बसवला. स्टेअरिंगवर थोडी थरथर आली, पण उड्या जवळजवळ थांबल्या. ही दुरुस्ती स्वस्तातली आहे आणि ड्राइव्हशाफ्ट वाचवणारी आहे.

उष्णतेचंही बघावं लागतं. रांगेत गाडी घुरघुरत ठेवली की इंटरकूलर तापतो, आत जाणारी हवा गरम होते आणि कॉम्प्युटर इंजिन वाचवण्यासाठी इग्निशन मागे घेतो. मी रांगेत इंजिन बंद करून बॉनेट उघडते. जुलैच्या दमट दुपारपेक्षा ऑक्टोबरच्या थंड संध्याकाळी गाडी मोकळी पळते. म्हणून तुलना करायची ती त्याच संध्याकाळच्या चिठ्ठ्यांची.

थंडी सुरू होता-होता आजोबांना चिठ्ठी दाखवली: साठ फूट 2.19, एकूण 14.62. शेवटचा वेग तोच, 97. इंजिनात एक हॉर्सपॉवरही वाढलेली नव्हती. साठ फुटांत वाचलेला वेळ शेवटच्या रेषेवर दीडपट-दुप्पट होऊन मिळतो, असं इथले जुने लोक सांगतात. माझ्या चिठ्ठीत तो जवळपास तसाच उतरला.

पुण्याचा माझा भाचा पोलो जीटी टीएसआय चालवतो. परवा फोनवर म्हणाला, “मावशी, स्टेज वन रिमॅप करून घेऊ का? लाँच सुधारेल ना?” मी म्हटलं, “अरे, आत्ता आहे तीच ताकद टायरला पेलत नाही. अजून ओतून काय करणार? आधी टायर बघ, मग माउंट बघ.” मित्रांबरोबर रात्री हायवेवर प्रॅक्टिस करतो म्हणाला, तेव्हा मात्र त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

तुमच्यापैकी ज्यांच्याकडे टर्बो गाडी आहे त्यांना हेच मनापासून सांगते. महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, आपल्या लोकांना हा खेळ नवा नाही. अशा जागी जा, आयोजकांकडे साठ फुटांची वेळ मागा आणि पैसे पहिल्यांदा टायरांवर घाला. पण हायवेवर, दुसऱ्यांच्या गाड्यांमध्ये, लाँचची प्रॅक्टिस कृपा करून करू नका.